खैरकोंडचं नाव घ्या

आमच्या शाळेत आम्ही अकरा शिक्षक होतो, पण खैरकोंडात नुसतं 'मास्तर' म्हटलं की आमच्यापैकी एकाचंही नाव कोणाच्या डोक्यात येत नसे. मास्तर म्हणजे यशवंत शितप. ते शिक्षक नव्हते आणि खरं सांगायचं तर स्टेशनमास्तरही नव्हते. खैरकोंड हे रेल्वेच्या लेखी स्टेशनच नव्हतं, हॉल्ट होतं. म्हणजे जिथे सिग्नल नाही, बाजूला दुसरा रूळ नाही, रेल्वेचा एकही पगारी माणूस नाही, फक्त पॅसेंजर मिनिटभर थांबते असं ठिकाण. अशा ठिकाणी तिकिटं विकायला गावातलाच कोणीतरी नेमतात आणि त्याला एजंट म्हणतात. हा शब्द कोणी काढला की मास्तरांना ऐकू येणं बंद होई. एकदाच मला म्हणाले होते, "एजंट इम्याचा असतो, बाई."

मी रत्नागिरीहून सकाळच्या गाडीने यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. बदली होऊन आले त्या पहिल्या दिवशी गाडी थांबली, दारात येऊन बघते तर फलाट कमरेइतका खाली. नवी साडी, हातात पिशवी, गाडी थांबणार मिनिटभर. मी मनातल्या मनात बदली करणाऱ्या साहेबांच्या नावाने बोटं मोडत होते, तेवढ्यात पांढरा हाफ शर्ट घातलेला एक काटकुळा माणूस लाकडी स्टूल घेऊन धावत आला. स्टूल दारासमोर ठेवून म्हणाला, "फलाट उंच व्हायचा हाय. मंजूर झालाय. तोवर ह्याच्यावर पाय द्या." त्या शाळेत मी सतरा वर्षं काढली. स्टूल दोनदा बदललं, फलाट होता तिथेच राहिला.

मास्तरांचा शर्ट रोज पांढरा आणि रोज इस्त्रीचा असे. लाल मातीच्या गावात हे जमवणं म्हणजे काय ते तिथे धुणं धुणाऱ्या बायकांना विचारावं. गाडीच्या तासभर आधी ते येत, फलाट झाडत, दर सोमवारी पिवळ्या पाटीवरची 'खैरकोंड' ही अक्षरं साबणाने धूत. मग एका खोलीच्या त्या पत्र्याच्या स्टेशनात शिरून आतून कडी लावत, खिडकीची फळी वर करत आणि दोन मिनिटांपूर्वी ज्यांच्याशी भाताच्या लावणीबद्दल बोलत होते त्याच माणसांकडे अनोळखी चेहऱ्याने बघत.

"कुठे?"

"नेहमीचं द्या," असं कोणी म्हटलं की तिकीट मिळत नसे. गावाचं नाव घ्यावं लागे. "नाव घ्या," असं मास्तर म्हणत, आणि नव्या नवरीला उंबऱ्यावर अडवून नाव घ्यायला लावतात तसं ते ऐकू येई, त्यामुळे रांगेतल्या बायका पदराआड हसत. एकदा एका म्हातारीने खरोखरच लाजत लाजत आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "ते कंच्या स्टेशनावर उतरतात?"

नाव घेतल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "आणि येताना?" परतीचं तिकीट इथेच काढून जावं असा त्यांचा हट्ट होता, कारण ते रत्नागिरीला काढलं तर रत्नागिरीच्या नावावर लागतं. किती तिकिटं कुठल्या खिडकीवर फाटली आणि त्यांच्यावर कुठलं नाव होतं यावरून स्टेशनची लायकी ठरते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला सुरुवातीला या माणसाचा राग यायचा. दिवसभर पोरांच्या वह्या तपासून डोकं उठलेलं असताना एका तिकिटासाठी दोन प्रश्नांची उत्तरं कोण देत बसणार. पुढे सवय झाली. घरी नवऱ्याने "बाजारात जातेस का" विचारलं तर मीच म्हणायची, हो, जाऊन-येऊन.

घोषणा करायला ध्वनिक्षेपक नव्हता. मास्तर हात मागे बांधून फलाटाच्या मधोमध उभे राहत आणि वरच्या, म्हणजे मुंबईच्या दिशेची सगळी स्टेशनं म्हणून दाखवत. उक्षी, संगमेश्वर, कडवई, आरवली, सावर्डे, कामथे, चिपळूण. फलाटावर आम्ही तीन माणसं असलो तरी चुकत नसे. प्रत्येक स्टेशनाची त्यांना खडानखडा माहिती. कुठे कोणाची जमीन गेली, कुठे आधी थांबा नव्हता आणि गावाने उपोषण करून कसा मिळवला, कुठल्या फलाटावर पावसात छत्री उघडूनच तिकीट काढावं लागतं, सगळं. रत्नागिरीचं स्टेशन शहरापासून इतकं लांब का, यावर आम्ही शहरातली माणसं कायम कुरकुरतो. मास्तरांना त्याची गंमत वाटे. "तुमाला रिक्षा करून जावं लागतं म्हणून रडताव," ते म्हणत. "आमाला रूळ मागून घ्यायला लागला."

गाडी लेट आहे असं मात्र त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे रूळ एकच. समोरून दुसरी गाडी आली की एकीने मोठ्या स्टेशनात बाजूला उभं राहायचं आणि दुसरीने जायचं. बाजूला कोणी राहायचं हे सांगायला नको. लांब पल्ल्याच्या गाड्या धडाधड निघून जात आणि आमची पॅसेंजर कुठल्यातरी स्टेशनात निमूट उभी असे, कधी वीस मिनिटं, कधी दीड तास. मी घड्याळ बघून काही बोलले की मास्तर दुखावल्यासारखे बघत. "आपली गाडी लेट नाय व्हत, बाई. तिला थांबवून ठेवतात."

हे सगळं वेड आलं कुठून, ते मला शाळेतल्या शिपायाकडून कळलं. मास्तरांनी स्वतः अर्धंच सांगितलं.

रूळ पडायच्या आधी मोजणी करायला साहेबलोक आले होते, तेव्हा यशवंत शितप तिशीच्या आतले होते. साहेबांची साखळी धरायला आणि कातळावरच्या वाटा दाखवायला गावातून माणूस हवा होता. हे गेले. महिनाभर उन्हातान्हात साहेबांबरोबर फिरले, त्यांच्या डब्यातलं खाल्लं. एका दुपारी काजूच्या सावलीत बसल्यावर त्यातल्या मोठ्या साहेबांनी सांगितलं की लोकांनी खळखळ न करता जमिनी दिल्या तर खैरकोंडला गाडी थांबेल. कागद नाही, शिक्का नाही. काजूच्या झाडाखालचं बोलणं. पण यशवंतांनी तो शब्द उचलला आणि तो आपलाच असल्यासारखा घरोघरी फिरवला. सह्या आणि अंगठे त्यांनी घेतले. ज्यांची जमीन जात होती त्यांना त्यांनी सांगितलं की मुंबईहून पोरगा थेट आपल्या बांधावर उतरेल.

सगळ्यात मोठा तुकडा गेला तो त्यांच्याच घरचा. थोरले भाऊ सोनूदादा. त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली हापूसची कलमं ऐन धरायला लागली होती आणि रूळ नेमका त्यांच्यातून जाणार होता. सोनूदादा शिकलेले नाहीत, बोलणं कमी. पण अंगठा उठवताना ते जे बोलले ते गावात अजून सांगतात. "गाडी आपल्यासाटी नाय येत रे. ती आपल्यावरनं जाणार." तरी अंगठा दिला, कारण धाकट्याने सगळ्या गावाला शब्द दिला होता.

रूळ पडला, गाड्या सुरू झाल्या आणि खैरकोंडात एकही थांबेना. सलग सहा वर्षं. मोठे साहेब कधीच बदलून गेले होते, नव्यांनी कानावर हात ठेवले. तोंडाला पानं पुसली म्हणून गावाने यशवंतांनाच बोल लावला. ते रत्नागिरी, बेलापूरचं रेल्वेचं मोठं ऑफिस, जिथे कोणी सांगेल तिथे अर्ज घेऊन फिरले. शेवटी हॉल्ट मिळाला, पण तोवर दोघा भावांचं बोलणं बंद झालं होतं. भांडण असं झालंच नाही. एका कापणीच्या वेळी सोनूदादा बोलायचे थांबले आणि पुन्हा सुरू झाले नाहीत. त्यांचं घर रुळाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण त्यांना रत्नागिरीला जायचं असलं की ते रुळाखालच्या मोरीतून इकडे येत, स्टेशनावरून मान खाली घालून पुढे जात आणि अर्धा तास चालून हमरस्त्यावर एसटीची वाट बघत. गाडीत ते कधीच बसले नाहीत.

काही निरोप द्यायचाच झाला तर मध्ये तिसरं माणूस लागे. समोरासमोर उभे असले तरी. गणपतीत भावकीच्या जुन्या घरात आरतीला दोघं एकाच मखरासमोर असत आणि मी पाहुणी म्हणून गेले की सापडायची. "बाई, दादाला सांगा, निरांजन विझतंय." दादा दोन हातांवर. मग दादा मला म्हणत, "त्याला सांगा, दिसलं." मी दोन्ही निरोप इमानदारीने पोचवायची. हसू यायचं, पण हसायची छाती होत नसे.

गणपतीवरून आठवलं. खैरकोंडचं खरं दुखणं गणपतीतच उघडं पडायचं.

अर्धं गाव मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला पॅसेंजरमधून खैरकोंडात इतकी माणसं उतरत की मास्तरांचं स्टूल तुडवलं जाई. डोक्यावर बॅगा, हातात पोरं, फलाटभर आरडाओरडा. परक्या माणसाला वाटावं, हे केवढं स्टेशन आहे. पण कागदावर त्यातलं एकही माणूस खैरकोंडला आलेलं नसे. कारण मुंबईच्या खिडकीवर सगळ्यांनी तिकीट मागितलेलं असे रत्नागिरीचं. रत्नागिरी पुढचं स्टेशन, तिथलं तिकीट असताना अलीकडे उतरलं तर कोणी अडवत नाही. आणि मुंबईत गेलेला आमच्याकडचा माणूस "कुठले तुम्ही?" या प्रश्नाला दोन पिढ्या एकच उत्तर देत आलाय, रत्नागिरीचे. गिरणीत, गोदीत, लग्न जुळवताना, सगळीकडे रत्नागिरी. खिडकीवरही तोंडातून तेच निघे. मुद्दाम कोणी करत नव्हतं, म्हणून तर ते सुटत नव्हतं.

मास्तर एका वर्षी गावाच्या मुंबई मंडळाच्या सभेला गेले. कुठल्याशा शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं भाषण केलं. मागणं एवढंच होतं की तिकीट काढताना आपल्या गावाचं नाव घ्या. टाळ्या झाल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला. मंडळाच्या अध्यक्षांनी सर्वांनी हे मनावर घ्यावं असं आवाहन केलं. मास्तर इतके आनंदात परत आले की तो नारळ त्यांनी स्टेशनच्या खोलीपुढे फोडून आम्हा सगळ्यांना खोबरं वाटलं.

त्या वर्षी गणपतीत ते फलाटावर उभे राहून प्रत्येकाचं तिकीट बघायला लागले. मीही तिथे होते. रत्नागिरी. रत्नागिरी. रत्नागिरी. सोनूदादांचा मुलगा विलास उतरला, तो सभेत पहिल्या रांगेत बसला होता आणि त्यानेच शाल आणली होती. त्याचंही रत्नागिरी. तो ओशाळला. म्हणाला, काका, खिडकीवर खैरकोंड म्हटलं तर तो विचारतो कुठे आलं हे, पुन्हा सांगा, स्पेलिंग सांगा, आणि मागे रांग असते. मास्तरांनी त्याच्या हातातलं तिकीट मागून घेतलं.

मग त्यांनी सगळ्यांचीच तिकिटं मागून घेतली. पाच दिवस. प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलं, 'उतरले खैरकोंड'. मिठाईच्या एका रिकाम्या खोक्यात ती भरली आणि मला सोबत रेल्वेच्या साहेबांना पत्र लिहायला लावलं. मी चांगलं लिहिलं होतं, माझं मलाच कौतुक वाटलं होतं. पुढच्या शिमग्यापर्यंत उत्तर आलं. प्रवाशाने कुठलं तिकीट काढावं हा त्याचा प्रश्न आहे, असा त्याचा मतलब होता. त्यांचं तरी काय चुकलं म्हणणार. मास्तरांनी पत्र चार वेळा वाचलं आणि मला विचारलं, "ह्यात नाय असं कुठे लिवलंय?" मला त्या दिवशी त्यांच्यापुढे बसवेना.

पुढे करोनात गाड्या बंद झाल्या. दीड वर्षाहून जास्त ओस पडलेला फलाट मी बघितला नाही, पण मास्तर रोज जात होते असं कळलं. पाटी धूत होते. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तोवर माणसं बदलली होती. गावातल्या पोरांनी मोटारसायकली घेतल्या होत्या, हमरस्त्यावरून वडापच्या, म्हणजे सीटवारी भाडं घेणाऱ्या, गाड्या थेट वाडीत यायला लागल्या होत्या. आणि दुसऱ्यांचं कशाला सांगू, मीच स्कूटर घेतली होती. हे मास्तरांना सांगायला मला आठवडा लागला. शेवटी स्कूटर स्टेशनजवळ उभी करून सांगितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, टायर दाबून बघितला, आणि घाटीच्या उतारावर सावकाश जा म्हणाले. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी, दिवाळीनंतर, रेल्वेचं ते पत्र आलं. ज्या हॉल्टवर माणसं चढत-उतरत नाहीत ते थांबे काढायचे ठरत होते. त्यासाठी आठ दिवस खैरकोंडला माणूस बसून डोकी मोजणार होता. ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं की थांबा रद्द. पत्र घेऊन मास्तर पुन्हा घरोघरी फिरले. जमिनीच्या अंगठ्यांसाठी फिरले होते तसेच, तेवढीच घरं, फक्त बरीचशी आता कुलपं लावलेली. जी उघडी होती त्यांनी सगळ्यांनी हो म्हटलं. मीही म्हटलं. आठही दिवस गाडीने येईन, असं मी तोंडभरून सांगितलं.

पहिल्या दिवशी फलाट भरला. बाया नटून आल्या होत्या, कोणाला रत्नागिरीत काम नव्हतं पण सगळ्या निघाल्या होत्या, नुसतं जायचं आणि यायचं. मोजायला आलेला माणूस तरुण आणि बिचारा सरळ होता, पॅडवर रेघा मारत बसला होता. मास्तरांनी त्याला चहा पाजला. गाडी पन्नास मिनिटांनी आली. दुसऱ्या दिवशी सव्वा तास. तिसऱ्या दिवशी माणसं निम्मी. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, गाडी एरवीही तशीच यायची. पण भाताची झोडणी राहिलेली, घरी म्हातारी माणसं, गुरं सुटायची वेळ, आणि समोर रस्त्यावर वडापवाला हॉर्न देत उभा. एकेक जण मास्तरांची नजर चुकवून उठत गेला.

पाचव्या दिवशी मी गेले नाही. सहामाहीचे पेपर तपासून द्यायचे होते. खरंच द्यायचे होते, पण ते रात्री बसून झाले असते. मी स्कूटर काढली आणि स्टेशनचा रस्ता टाळून लांबच्या वळणाने शाळेत गेले. सहाव्या दिवशीही. मास्तरांनी मला कधीच विचारलं नाही. माझं एक डोकं असतं-नसतं तरी काय झालं असतं, असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. ते मला पटत नाही.

आठव्या दिवशी शरमेने मी संध्याकाळच्या गाडीला गेले. फलाटावर माझ्यासकट मोजून सात माणसं. मोजणारा दगडावर बसलेला. मास्तर खिडकीत. आणि मोरीच्या बाजूने सोनूदादा येताना दिसले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात काठी. मला वाटलं नेहमीसारखे पुढे जातील. ते खिडकीपाशी येऊन थांबले. आत बसलेल्या भावाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, त्याला सांगा, एक रत्नागिरी."

मी सांगितलं.

आतून मास्तर म्हणाले, "दादाला इचारा, येताना?"

"सांगा, येतानापण."

तारीख मारायच्या यंत्राचा खटका झाला आणि पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर आलं. सोनूदादांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घेतात तसं, आणि बाकावर जाऊन बसले.

गाडी आली नाही. आधीच्या स्टेशनात दोन एक्स्प्रेस सोडेपर्यंत तिला उभी केली होती. एक तास गेला. सातातले चार गेले. मग आणखी दोघी गेल्या, त्यांनी जाताना मास्तरांना तसं सांगितलं तरी. मोजणाऱ्या माणसाची ड्यूटी ठरलेल्या वेळेपर्यंतच होती. मी त्याला म्हटलं, थोडं थांबा, हे आजोबा चढताना बघून जा. तो म्हणाला, बाई, फलाटावर बसलेली माणसं धरता येत नाहीत, चढलेलीच धरायची असतात, आणि माझी वेळ संपली. त्याने पॅडवर आडवी रेघ ओढली, मास्तरांची सही घेतली आणि वडापमध्ये बसून निघून गेला. मास्तरांनी सही केली. खाली तारीखही घातली.

तो गेल्यावर अर्ध्या तासाने गाडी आली. मास्तरांनी स्टूल आणून ठेवलं, सोनूदादा त्यावर पाय देऊन चढले, मी मागून चढले. डबा जवळजवळ रिकामा होता. सोनूदादा खिडकीपाशी बसले आणि गाडी त्यांच्या बागेच्या जागेतून कातळाच्या खाचेत शिरली तेव्हा त्यांनी बाहेर बघितलं. जमीन दोन्ही बाजूंना डोक्यावर गेली होती, आणि ज्यांची कलमं होती त्यांना खालून वर बघावं लागत होतं. रत्नागिरीला उतरल्यावर त्यांना काहीच काम नव्हतं. स्टेशनच्या बाहेरही न पडता ते बाकावर बसून राहिले. खैरकोंडकडे जाणारी त्या दिवशीची शेवटची गाडी कधीच गेली होती, त्यामुळे येतानाचं तिकीट असूनही मला त्यांना रिक्षाने एसटी स्टँडवर न्यावं लागलं. एसटीत बसवताना त्यांनी मला तेवढंच विचारलं, "त्या मोजणाऱ्यानं मला धरलं काय?" मी हो म्हटलं. मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवण्यात माझी हयात गेली आहे.

शिमग्याआधी थांबा रद्द झाला. कागद आला, तारीख आली आणि त्या तारखेपासून गाडी थांबेनाशी झाली. निरोप समारंभ नाही, घोषणा नाही. खिडकीचं कुलूप आणि उरलेली तिकिटं मास्तरांनी रत्नागिरीला जमा केली आणि पोच घेऊन आले. पाटी काढून न्यायला कोणी आलं नाही. शिमग्याला मुंबईची माणसं आली ती पॅसेंजरने रत्नागिरीला उतरून, तिथून गाड्या करून. विलासने मला रस्त्यात गाठून सांगितलं की आता फारच गैरसोय होते. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर पंधरवड्याने मास्तर शाळेच्या फाटकाशी उभे होते. शाळा सुटायची वेळ. अंगात रंगीत शर्ट होता, त्यामुळे आधी मी ओळखलंच नाही. म्हणाले, "जरा दादाकडे येताव काय? बोलायचं हाय."

मला का नेतायत हे विचारायची गरज नव्हती. आम्ही मोरीखालून पलीकडे गेलो. सोनूदादा पडवीत सुतळी वळत बसले होते. मास्तर त्या घराची पायरी बावीस वर्षांनी चढत होते. सोनूदादांनी मला बसायला पाट सरकवला. मग तिथला दुसरा पाट काठीने थोडा पुढे ढकलला, कोणाकडे न बघता. मास्तर त्यावर बसले. सोनूदादा पुन्हा सुतळी वळायला लागले.

"बाई, दादाला सांगा," मास्तर म्हणाले, "मी गावाला सबूद दिलेला. त्याच्यावर दादानं कलमं दिली. तो सबूद खोटा झाला. दादा बोलला तेच खरं व्हतं."

मी सोनूदादांकडे वळले. मला सांगायचं धाडस होईना आणि सांगायची गरजही नव्हती. ते हात थांबवून ऐकत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हाच पॅसेंजर आली. पडवीचे वासे थरथरले, आत मांडणीवरची भांडी वाजली. मी सवयीने घड्याळ बघितलं. अगदी वेळेवर होती. एवढ्या वर्षांत मी तिला इतकी वेळेवर कधी बघितली नव्हती. दारांत माणसं उभी होती, त्यांतल्या कोणीतरी उगाच हात हलवला, आणि ती सगळी रिकाम्या फलाटासमोरून रत्नागिरीकडे निघून गेली.

आवाज विरल्यावर सोनूदादा म्हणाले, "त्याला सांगा, मी बसलो व्हतो गाडीत. गाडी बरी व्हती."

मी मास्तरांकडे वळले तेव्हा ते, गेलेल्या गाडीकडेच डोळे लावून, उठून पायरी उतरत होते. चपला घालताना त्यांना दोनदा तोल सावरावा लागला. सोनूदादांनी मला पुन्हा म्हटलं, "सांगा की त्याला." मी पडवीच्या कडेला जाऊन हाक मारली. मग सोनूदादांनीच काठी टेकत उठून, माझ्या खांद्यावरून, एवढ्या वर्षांनी, स्वतः हाक मारली, "यशवंता."

मास्तर मोरीच्या उतारावर होते. हाक त्यांना ऐकू गेली, कारण त्यांची मान हलली. पण ते थांबले नाहीत.